ऑक्टोबर हीटमधली इटालियन वाईन

इटलीत सप्टेंबर सरत आला की ऊन मऊ पडतं, द्राक्षांची खुडणी जोरात येते आणि अंगणात मांडलेली जेवणाची टेबलं एकेक करून घरात जातात. आमच्या मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावात नेमक्या त्याच दिवसांत उलटं घडतं. पाऊस ओसरतो, आभाळ निवळतं आणि ऊन परत येतं. सोयाबीनची सोंगणी चालू असते, दुपारी अंगाची लाही होते, आणि पहाटे मात्र पायाशी टाकलेलं पांघरूण वर ओढावंसं वाटतं. उन्हाळा संपला, आता पांढरी वाईन मागे ठेवा आणि लाल पुढे काढा, असा सल्ला युरोपातली मासिकं दर सप्टेंबरात देतात. तो वऱ्हाडात जसाच्या तसा पाळला तर फसगत ठरलेली. आपल्याकडे उन्हाळा दोनदा येतो. लालकडे वळायचं ते दिवाळीच्या सुमारास, आणि तेही बेताबेतानं.

ज्यांना प्यायची नाही त्यांना गळ घालायला हे लिहीत नाही. ज्यांच्या घरी वाईन चालते, मुंबई-पुण्याला किंवा परदेशी असलेली मुलं एखादी बाटली आणतात आणि मग ती कशाबरोबर, कधी, किती गार प्यायची याचा कुणालाच पत्ता नसतो, त्यांच्यासाठी हा लेख. महालक्ष्म्यांचं ताट, पितृपक्ष, नवरात्र हे दिवस बहुतेक घरांत तसेही वगळलेले असतात, आणि नैवेद्याच्या पानाशी वाईनची जोडी जुळवण्याचा जो नवा शौक शहरांत दिसतो त्याचा मला कंटाळा आहे. तेव्हा आपला हंगाम दसऱ्यानंतरचा.

इटालियन वाईन म्हणजे विमानतळावरची चैन, हा समज आधी दूर करू. इटलीतल्या द्राक्षजाती आपल्याच राज्यात पिकतात. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या अकलूजजवळ फ्रातेल्लीचे मळे आहेत. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि इटलीचे आलेस्सिओ आणि आंद्रेआ सेक्की अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून हा उद्योग उभा केला. वाईन करण्याची जबाबदारी टस्कनीतले पिएरो मासी यांनी घेतली. सहा भाऊ आणि मासी असे सात जण, म्हणून त्यांच्या अव्वल लाल वाईनचं नाव सेत्ते, म्हणजे सात. तिच्यात टस्कनीचं सांजोव्हेझे आणि फ्रान्सचं कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचा मेळ आहे. नुसत्या सांजोव्हेझेचीही वेगळी बाटली ते काढतात.

दुसरं नाव निफाडचं. हिवाळ्यात महाराष्ट्रातला सगळ्यात कमी पारा अनेकदा इथलाच असतो, वर्तमानपत्रात आपण दरवर्षी वाचतो. त्या गार रात्रींत द्राक्षं सावकाश पिकतात. इथल्या रेव्हेलो वाईनरीने आंद्रेआ व्हालेन्तिनुझ्झी या इटालियन वाईनतज्ज्ञाच्या मदतीने सिसिलीच्या दोन जाती लावून त्यांच्या वाईन केल्या. पांढरी ग्रिल्लो आणि लाल नेरो दाव्होला. सिसिली म्हणजे इटलीच्या अगदी दक्षिणेचं तापणारं बेट. उन्हातही आंबटपणा टिकवून धरणाऱ्या या जाती आपल्याकडे आणायची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. थंड प्रदेशातलं नाजूक द्राक्ष दख्खनच्या उन्हात वाढवण्याची कसरत करण्यापेक्षा मुळातच उन्हाची सवय असलेलं द्राक्ष आणलेलं बरं.

विकत घेताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथेच सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात इटलीत द्राक्षं खुडतात तेव्हा नाशिक-सोलापूरकडे वेलींची गोडी छाटणी चालू असते. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि पावसाच्या शेवटी गोडी छाटणी घड धरावेत म्हणून. वाईनची द्राक्षं हाती येतात ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे बाटलीवर एकच साल छापलेलं असलं तरी अकलूजची वाईन टस्कनीच्या वाईनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी. पांढऱ्या वाईनच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. आपल्याकडची पांढरी त्याच सालची किंवा फार तर मागच्या सालची घ्यावी. तीन-चार वर्षं दुकानात पडलेली असेल तर दुकानदार कितीही सवलत देवो, तिथेच राहू द्या.

आता पहिला टप्पा, कोजागरीपासून दिवाळीपर्यंतचा, उकाड्याचा. या दिवसांत पांढरी हवी आणि आंबट हवी. सिसिलीची ग्रिल्लो, व्हेरोनाजवळची सोआव्हे, मार्के प्रांतातली व्हेर्दिक्कियो, सार्डिनियाची व्हेर्मेंतिनो, यांतली जी मिळेल ती. ग्रिल्लो माझी पहिली निवड. पश्चिम सिसिलीत मार्साला नावाची कडक, गोडसर वाईन करतात. तिच्यासाठी पूर्वापार वापरलं जाणारं हे द्राक्ष आता साध्या, कोरड्या वाईनसाठी नावाजलं जातंय. लिंबाच्या सालीचा वास, थोडा खारट शेवट, आणि घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. हे तोंडाला पाणी सुटणं हीच निवडीची खरी खूण. जेवणातला आंबटपणा वाईनपेक्षा जास्त असेल तर वाईन मिळमिळीत लागते. टोमॅटोचं सार, चिंचेचं वरण, कढीगोळे, लिंबू पिळलेलं काहीही, याच्यापुढे मऊसूत वाईन उभी राहत नाही. आयात मालात सगळीकडे दिसणारी पिनो ग्रिजो मात्र मी सहसा सुचवत नाही. उत्तर इटलीच्या डोंगराळ भागात ती छान होते, पण आपल्यापर्यंत पोचणाऱ्या स्वस्त बाटल्यांना चवच नसते, आणि त्या आपल्याकडे स्वस्तही राहिलेल्या नसतात.

फसफसणारी हवी असेल तर प्रोसेक्को. व्हेनेतो आणि फ्रिउली या ईशान्येकडच्या प्रांतांतली ही वाईन ग्लेरा नावाच्या द्राक्षाची. बुडबुडे बाटलीत न आणता मोठ्या बंद टाकीत आणतात, त्यामुळे शॅम्पेनपेक्षा ती स्वस्त पडते आणि चवीला ताजी राहते. लेबलावरच्या शब्दांत एक चकवा आहे. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे सगळ्यात कोरडी असं कुणालाही वाटेल, पण ती ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. एका लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखर असली की एक्स्ट्रा ड्राय, 12च्या आत असली की ब्रूट. तिखट खाण्याबरोबर ही किंचित गोडी कामालाच येते. शेगाव कचोरीबरोबर गार एक्स्ट्रा ड्राय प्रोसेक्को घेऊन बघा. तळणाचा तेलकटपणा बुडबुडे धुऊन काढतात आणि आतल्या सारणाचा तिखटपणा साखर सावरून घेते. हे ऐकून हसतात, पण कचोरी संपते तेव्हा बाटलीही संपलेली असते.

तिखटाचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात मोठा, म्हणून त्यावर जरा थांबतो. सावजी रस्सा, वऱ्हाडी मटण, पातोडीचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरचीने तोंड पेटलेलं असताना अल्कोहोल ती आग वाढवतं. लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतून टॅनिन उतरतं, ते सुपारीसारखी जीभ आवळतं आणि जळजळ आणखी बोचते. म्हणून 14-15 टक्के अल्कोहोलची, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली भारी लाल वाईन सावजीबरोबर काढणं म्हणजे मटणाचीही माती आणि वाईनचीही. तिखटाला तीनच गोष्टी सांभाळतात: कमी अल्कोहोल, थोडी गोडी आणि गारवा. इटलीत हे तिन्ही एकत्र असलेली वाईन लाम्ब्रुस्को. एमिलिया-रोमान्या प्रांतात, मोदेना आणि रेज्जो एमिलियाच्या आसपास होणारी ही लाल असून फसफसणारी, गारच प्यायची वाईन. तिकडे ती डुकराच्या चरबीयुक्त पदार्थांबरोबर पितात, आपल्याकडे तिचं काम तर्रीशी. लाम्ब्रुस्को कोरडीही असते आणि गोडही. तिखटासाठी लेबलावर ‘आमाबिले’ असलेली, म्हणजे अर्धगोड, शोधा. अकोला-वाशिमकडे ती दिसण्याची शक्यता कमीच. न मिळाल्यास नाशिकची थोडी गोडसर शेनिन ब्लां घ्या. द्राक्ष फ्रान्सचं, पण काम तेच, आणि ती जवळपास कुठेही मिळते.

गोडाचं म्हणाल तर पिएमोंते प्रांतातली मोस्कातो दास्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. अल्कोहोल जेमतेम 5-6 टक्के, हलके बुडबुडे, संत्र्याच्या फुलासारखा वास. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत येऊ लागतात. सोललेली गार संत्री आणि मोस्कातोचा छोटा ग्लास, एवढं जेवणानंतर पुष्कळ. लाडू-करंज्यांबरोबर मात्र ती फिकी पडते.

उकाड्याच्या दिवसांत लाल अजिबातच नको का? हवी असेल तर गार करून घ्या. लाल वाईन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हे वाक्य ज्यांनी रूढ केलं त्यांची रूम दगडी भिंतींची आणि 16-18 अंशांची होती. आसेगावात ऑक्टोबरच्या संध्याकाळी खोलीचं तापमान तिशीच्या आसपास रेंगाळतं. त्या तापमानाला लाल वाईनमधलं अल्कोहोल नाकात जातं, फळाची चव सैल पडते, आणि मग लोक म्हणतात की वाईन म्हणजे कडू काढा. बाटली फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, काचेवर हात ठेवल्यावर गार लागली पाहिजे. हलकी लाल असेल तर तासभरही चालेल. ग्लासात ओतल्यावर ती आपोआप तापत जाते, त्यामुळे थोडी जास्त गार झाली तरी बिघडत नाही. पांढरीला दोन-तीन तास. भारी लाल वाईनमध्ये बर्फ टाकू नका. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

गार करून उत्तम लागणारी लाल म्हणजे सांजोव्हेझे. कियांतीचं द्राक्ष हेच. आंबट चेरी, वाळलेली पानं, थोडासा टोमॅटोच्या झाडाचा वास, आणि मूळचा खणखणीत आंबटपणा. टस्कनीत टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाच्या जेवणाशी तिची जन्माची गाठ. वऱ्हाडात तिला मिळालेला जोडीदार म्हणजे वांग्याचं भरीत. काटक्यांवर किंवा तुराट्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, त्याचा धुराचा वास, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. वांग्याची धुरकट गोडी आणि वाईनचा आंबटपणा एकमेकांना उचलून धरतात. मिरची ठेचताना हात जरा आखडता घ्यायचा, एवढीच अट. भरताबरोबर कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी असावी. पोळीपेक्षा भाकरीशी वाईन जास्त जमते असा माझा अनुभव आहे, कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

इटालियन लेबल वाचताना गोंधळ होतो, कारण कधी त्यावर गावाचं नाव असतं, कधी द्राक्षाचं, कधी दोन्हींचं. कियांती, सोआव्हे, बारोलो ही ठिकाणं. सांजोव्हेझे, बार्बेरा, नेब्बिओलो ही द्राक्षं. ‘बार्बेरा दास्ती’ म्हणजे आस्ती भागातली बार्बेरा. सगळ्यात मोठी फसगत मोंतेपुल्चानोची. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’ ही आब्रुत्सो प्रांतातली, मोंतेपुल्चानो नावाच्या द्राक्षाची, रोजच्या जेवणाची वाईन. ‘व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ ही टस्कनीतल्या मोंतेपुल्चानो गावची, आणि ती मुख्यतः सांजोव्हेझेची. दोघींचा संबंध नावापुरता, किमतीत मात्र बराच फरक. 1963पासून इटलीत नाव आणि प्रदेश यांचे सरकारी नियम आहेत. डीओसी आणि त्याच्या वरची डीओसीजी ही अक्षरं ते नियम पाळल्याची खूण, चवीची हमी नव्हे. साध्या कियांतीत निदान 70 टक्के सांजोव्हेझे लागतं, कियांती क्लासिकोत 80 टक्के. क्लासिको म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएनामधला जुना, मूळचा टापू. त्याच्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चित्र असतं. लेबल वाचायचा कंटाळा असेल तर कोंबडा शोधावा.

दिवाळी झाली, पहाटे धुकं पडू लागलं, तुरीच्या शेंगा भरू लागल्या की दुसरा टप्पा. आता नेरो दाव्होला काढा. ती अंगानं भरलेली, काळसर फळांच्या चवीची असते आणि टॅनिनचा जाच फार नसतो. गावरान कोंबडी, मटण, भाकरी यांच्याबरोबर ती निर्धास्त चालते. दुसरी पिएमोंतेची बार्बेरा. तिच्यात टॅनिन कमी आणि आंबटपणा भरपूर, त्यामुळे तिखटाशी भांडत नाही. शेतात रोडग्यांची पंगत बसते, गोवऱ्यांत भाजलेले रोडगे तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ले जातात, तिथे बार्बेरासारखी दुसरी वाईन नाही. तुपाला कापायला आंबटपणाच लागतो. एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या लाल वाईनही हल्ली नावारूपाला आल्या आहेत. त्यांचं द्राक्ष नेरेल्लो मास्कालेझे. आपली काळी मातीही लाव्हारसाच्या खडकाचीच, म्हणून मला तिच्याबद्दल उगाच आपुलकी वाटते. चवीचा आणि या आपुलकीचा काही संबंध नाही.

बारोलो आणि अमारोने यांच्या वाटेला या मोसमात जाऊ नका. बारोलो किमान 38 महिने मुरवूनच बाजारात येते आणि त्यानंतरही तिचं टॅनिन आपल्या मसाल्याला दाद देत नाही. अमारोने सुकवलेल्या द्राक्षांची, 15 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची. महाग बाटली म्हणजे चांगली बाटली, या हिशेबानं पाहुण्यांना ती आणली जाते आणि अर्धी उरते.

खरेदीबद्दल. आपल्याकडे ‘वाईन शॉप’ अशी पाटी लागलेल्या दुकानात वाईनच सगळ्यात कमी खपते. परिणामी बाटल्या वर्षानुवर्षं फळीवर उभ्या राहतात आणि वाशिमचा मे महिना एकदा नाही, दोनदा-तीनदा सोसतात. चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या दुकानातली वाईन शिजल्यातच जमा. बूच वर सरकलेलं असेल, गळ्याशी चिकट डाग असेल, पांढरी वाईन तपकिरीकडे झुकलेली असेल, तर घेऊ नका. काचेच्या दर्शनी कपाटातली तर कधीच नको. खोक्यातली मागा, आणि फिरकीच्या झाकणाची मिळाली तर उत्तम. बूच नाही म्हणून ती हलकी, हा समज सोडून द्या. 2022च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. त्याला मोठा विरोध झाला आणि तो प्रत्यक्षात उतरला नाही, त्यामुळे दुकान हेच ठिकाण. वाहतूक करायचीच असेल तर थंडीत करा आणि वर्षाची बेगमी करू नका.

परदेशी बाटलीवर 150 टक्के सीमाशुल्क कित्येक वर्षं लागत आलं, म्हणून इटलीतली साधी, रोजची वाईन इथे मानाच्या वाईनच्या दरात मिळते. कुणी परदेशातून येत असेल तर प्रवाशाला शुल्काविना 2 लिटरपर्यंत मद्य आणता येतं. बाटली 750 मिलीची, म्हणजे दोनच. तिसरी हिशेबाबाहेर जाते. त्या दोनांत सांगायचीच तर लाम्ब्रुस्को किंवा मोस्कातो सांगा, कारण सांजोव्हेझे आपल्याकडे पिकते.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेल्यापासून नागपूरहून येताना डिकीत बाटली टाकून आणायचा मोह होतो. मध्ये वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे, हे विसरू नका. नाशिकच्या बाजूनं येणाऱ्याला ही अडचण नाही. मद्य बाळगायला आणि प्यायला राज्यात परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. घेऊन ठेवलेला बरा.

वाईन हलकी असते म्हणून कितीही चालते, असं मानणारे बरेच आहेत. 150 मिलीच्या एका ग्लासात, 12-13 टक्क्यांच्या हिशेबानं, साधारण 45 मिली व्हिस्कीइतकं अल्कोहोल असतं. एका बाटलीत असे पाच ग्लास. चौघांत एक बाटली हे माप चांगलं. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि गाडी घेऊन आलेल्याला ग्लास देऊच नका.

यंदा दिवाळीनंतर एखाद्या थंड संध्याकाळी अकलूजची सांजोव्हेझे आणि एक साधी कियांती अशा दोन बाटल्या एकत्र आणा. पाच-सहा जण तरी असावेत. दोन्ही पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा आणि कुठली कुठली ते न सांगता ओता. आधी नुसती चाखा, मग भरीत-भाकरीबरोबर. आपल्या उन्हातली बहुधा जास्त पिकलेली, गोलसर लागेल, टस्कनीची जास्त आंबट आणि कोरडी. कुठली आवडली ते भरीत संपल्यावर विचारा, कारण नुसती चाखताना दिलेलं उत्तर जेवताना पुष्कळदा बदलतं. उरलेल्या बाटल्यांना झाकण लावून फ्रीजच्या दारात उभ्या ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.